पांघरूण पट्ट्यांच्या वरून

रोझनग्रुंड
शुक्रवार, १७ जानेवारी

जनेल, पोरी,

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. टीना आत्या उद्या डोळे दाखवायला विनिपेगला येतेय, तिच्या हाती देते. पोस्टाने चार दिवस लागतील, आणि चार दिवस म्हणजे किती ते मला या तीन दिवसांत कळलंय.

टिलीने अजून डोळे उघडले नाहीत, एवढंच कळतं. तेही तुझ्या बाबांना. मी फोन केला तर नर्स म्हणाली, "आजी, तुमचं नाव यादीत नाही." मी म्हटलं, "अगं बाई, मी तिच्या आईची आई." ती म्हणाली, "यादी तिच्या आईनेच दिलीय." मी आभार मानून फोन ठेवला. तिच्याशी भांडून काय करू?

मी गुडघ्यांवर आहे, जनेल. सकाळी उठल्याबरोबर, जेवणाआधी, भांडी विसळतानासुद्धा मनातल्या मनात. प्रभूकडे दुसरं काही मागत नाही. ते पिल्लू उठू दे, बस्स.

तुझा राग त्या सूटवर आहे हे मला ठाऊक आहे. नाताळात मी टिलीसाठी शिवलेला तो गळ्यापासून पायापर्यंतचा जाड तांबडा सूट पेटीतून काढला तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "आई, बर्फात खेळायला फार छान. गाडीत मात्र नाही. मुलांच्या सीटच्या पट्ट्यांच्या खाली जाड काही घालायचं नसतं, सीट कशी बांधायची त्या वर्गात मी शिकून आलेय." टीना आत्या लगेच म्हणाली, "मग आम्ही सगळे कसे वाचलो गं?" आणि सगळे हसले. मीही हसले. पण माझ्या कानावर पडलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

मंगळवारचं सांगते. उणे छत्तीस होतं. तुझी रात्रपाळी म्हणून टिली आमच्याकडे झोपलेली. डेरिक लेकीला न्यायला आठाला आला, कॉफी प्यायला, तिला घेऊन गाडीतल्या तिच्या सीटमध्ये बसवलं. मग बाबांनी त्याला गॅरेजचं दार ढकलायला हाक मारली, खालून गोठून बसलं होतं. दोनतीन मिनिटं लागली असतील. मी स्वयंपाकघरात होते, पाव भट्टीत होते. नंतर तो गेला. कालव्याच्या पुलाशी रस्ता काचेसारखा झाला होता आणि गाडी फिरून खड्ड्यात गेली. जोरात नव्हता तो. पोलिसानेही तसंच लिहिलंय म्हणे. पण त्याने पट्टे फूटपट्टीने मोजले आणि म्हणाला, इतके ढिले असले की मूल वरून सुटून पुढे फेकलं जातं.

डेरिकला मी बोल लावत नाही. तरुण पुरुष घाईत असतात, साडेनऊला त्याला कारखान्यात हजर व्हायचं होतं. त्याच्या घरी कुणी जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करत नाही, तरी मी जावयाला कधी परका म्हटलं नाही. त्याला क्षमा कर. तो बिचारा तुला म्हणाला ना, की सूट मीच घातला, विसरलो?

डब्यात वीस पाव आहेत, एकावर एक बसवलेले जोडपाव, तुला आवडतात तसे. तिथल्या कँटीनमधलं विकतचं खात बसू नकोस.

तुझी आई


रोझनग्रुंड
रविवार, २६ जानेवारी

जनेल,

टीना आत्याने माझंच पाकीट मला परत आणून दिलं. मागे तुझी एक ओळ: "आई, लिहू नकोस. डेरिकबद्दल तर अजिबात नको." पाव मात्र ठेवून घेतलेस, ते बरं केलंस.

तू सांगितलंस तरी लिहिते आहे. तुझं न ऐकण्याची मला सवय आहे, हे आता मीच म्हणते.

काल डेरिक आला होता. त्याच्या भावाच्या गाडीतून. आमच्या अंगणातला बर्फ काढायला आला, न सांगता. बाबांच्या कमरेचं दुखणं त्याच्या लक्षात होतं. मी त्याला आत बोलावलं, सॉसेज आणि बटाटे वाढले. दाढी वाढलीय. तीन घास खाल्ले आणि काटा ठेवला.

मी विचारलं, "टिली कशी आहे?"

"मला काय विचारता, आई? मला त्या मजल्यावर येऊ देत नाहीत. मुलांच्या खात्यातल्या चौकशीवाल्या बाईने फक्त एकटं भेटायचं नाही म्हटलं होतं. जनेल म्हणाली, अजिबातच यायचं नाही. मी खाली गाडी लावून बसतो. तिची खिडकी कुठली ते मोजून काढलंय. पाचव्या मजल्यावर, डावीकडून सहावी."

"दिवसभर?"

"कारखान्यातून सुटी घेतलीय. इंजिन चालूबंद करत बसतो."

मग त्याने टेबलावरची मीठदाणी बाजूला सरकवली. आणि म्हणाला, "आई, मी पट्टा ओढला होता ना? मी नेहमी ओढतो. ओढून खांद्यावर चिमटीत धरून बघतो, चिमटीत आला तर अजून ओढतो. जनेलनेच शिकवलं. त्या दिवशीही केलं होतं असं मला वाटत होतं. पण पोलिसाने तीन वेळा विचारलं, जनेलने दहा वेळा विचारलं, आणि आता मला ते चित्रच दिसत नाही. हात दिसतात, पण ते आदल्या दिवशीचे असतील. तुम्ही गाडीपाशी आला होतात ना, तिला टाटा करायला? तुम्ही बघितलंत का?"

मी म्हटलं, "मी खिडकीतूनच केला रे टाटा."

तुझे बाबा समोर बसले होते. त्यांनी काटा उचलला, परत ठेवला, आणि उठून कोठारात गेले. बाहेर उणे तीस होतं आणि कोठारात त्यांना काहीही काम नव्हतं.

जनेल, मला एक गोष्ट दुरुस्त करायची आहे. सूट डेरिकने घातला नाही. मी घातला. तो नको म्हणत होता. त्याने तिला पातळ लोकरी कपडे, टोपी, हातमोजे घालून तयार ठेवलं होतं, आणि पांघरूण हातावर घेतलं होतं, पट्टे लावल्यावर वरून घालायला. मी म्हटलं, "अरे, उणे छत्तीस आहे. गाडी मध्येच बंद पडली तर पोरीला काय त्या चिंधीत गोठवणार आहेस? तुमच्या शहरात चालतं असलं." तो म्हणाला, "आई, जनेल मला मारेल." मी म्हटलं, "जनेलला मी जन्माला घातलंय. घाल." आणि त्याने हात वर केल्यासारखं केलं, हसला, आणि मी टिलीला सूटमध्ये कोंबलं.

त्याने तुला "मीच घातला" म्हणून सांगितलं ते माझ्यावर पांघरूण घालायला. बारा दिवस मी ते राहू दिलं.

तुला वाटेल आईला एवढंसुद्धा कसं कळत नाही. माझी आई आम्हाला घसरगाडीतून चर्चला न्यायची तेव्हा चुलीत तापवलेल्या विटा फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवायची, वर तीन गोधड्या, त्यावर मेंढीचं कातडं. घोडा बुजून गाडी उलटली तर आम्ही त्या गाठोड्यासकट बर्फात पडायचो आणि हसत उठायचो. जितकं जाड तितकं जपलेलं, हेच माझ्या हातांना माहीत. त्या सूटमध्ये तिच्याच गोधडीतली बदकाची पिसं आहेत. दुप्पट भरली मी. टाके इतके जवळ घातले की एक पीस बाहेर येणार नाही. मला त्याचा गर्व होता.

हे वाचून तू डेरिकला वर बोलावशील, नाही का?

आई


रोझनग्रुंड
सोमवार, १० फेब्रुवारी

जनेल,

तिने डोळे उघडले! बाबांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून रडले. मी त्यांना चाळीस वर्षांत दोनदा रडताना पाहिलंय. मांडीचं हाड जुळायला वेळ लागेल, डावा हात अजून नीट उचलत नाही, बोलण्याचं काही सांगता येत नाही, हे सगळं त्यांनी मला सांगितलं, आणि मग म्हणाले, "एक शब्द बोलली."

"काय?"

"पापा."

मी विचारलं, "मग? बोलावलं त्याला?"

"नाही. जनेल म्हणते, सूट कुणीही घातलेला असो, पट्टे त्याच्या हातात होते. ती वकिलाकडे जाऊन आलीय."

पोर पाचव्या मजल्यावर पापा म्हणतेय आणि पापा खाली गाडीत बसून खिडक्या मोजतोय. हे मी काल दिवसभर डोक्यातून काढू शकले नाही. काल चर्चमध्ये प्रभुभोजन होतं.

त्याच्या आदल्या रविवारी नेहमीसारखं मंडळीच्या पाळकांनी सगळ्यांना विचारलं होतं, प्रत्येकाने मनात पाहावं, कुणाशी आपलं बिनसलंय का, कुणाचं काही आपण दाबून ठेवलंय का, आणि तसं असेल तर आठ दिवसांत ते नीट करून यावं. मी मान खाली घालून बसले. आठ दिवस गेले. काल मी माझा पांढरा रुमाल इस्त्री करून नेला, भाकर घ्यायला. रांगेतून भाकरीच्या तुकड्यांचं ताट आलं. टीना आत्याने घेतली, रुमालात ठेवली, ताट माझ्याकडे दिलं. मी ते पुढच्या बाईकडे सरकवलं.

जनेल, एकेचाळीस वर्षांत मी हे कधी केलं नाही. तू पोटात असताना उलट्या होत होत्या तेव्हाही घेतली होती.

बाहेर पायऱ्यांवर टीना आत्याने मला कोपऱ्यात गाठलं. "काय गं, पथ्य आहे की काय?"

"पोटाला बरं नव्हतं."

"एवढासा तुकडा! डॉक्टरने नखाएवढ्या भाकरीलाही बंदी केली?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "तो तुमचा परका जावई गेला तर बरंच होईल, युस्टिना. जनेलला आपल्यातला कुणी मिळेल. हे बहुतेक देवानेच केलंय."

मी तिच्याकडे पाहिलं. मग पायऱ्या उतरले. हाच विचार माझ्या मनात आधी येऊन गेला होता, मंगळवारीच, पोलिसाची गाडी अंगणात उभी असताना. मी तुला लिहिलं ना, की मी त्याला कधी परका म्हटलं नाही. तोंडाने म्हटलं नाही.

गाडीत बाबा म्हणाले, "भाकर का घेतली नाहीस?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण मी बोललो तर ते माझं बोलणं होईल. दार ढकलताना मी मान वळवली तेव्हा तू गाडीपाशी होतीस, एवढंच मी पाहिलंय. बाकी तू पाहिलंस."

घरी येऊन मी तो रुमाल घडी न मोडता पेटीत ठेवला.

यापुढचं आज लिहवत नाही. हे पत्रही बहुतेक पाठवणार नाही.

आई


रोझनग्रुंड
गुरुवार, १३ फेब्रुवारी

जनेल,

पट्टे मी ढिले केले.

हे पहिल्या ओळीत लिहिलंय, म्हणजे तू कागद इथेच चुरगळलास तरी तुला कळलेलं असेल. डेरिकने पट्टे घट्ट ओढले होते. चिमटीत धरून पाहिलं होतं. मी जवळ उभी होते, गाडीच्या दाराशी, चपलांवरच, शाल गुंडाळून. स्वयंपाकघरात नव्हते. बाबांनी हाक मारली म्हणून तो गॅरेजकडे गेला, आणि टिली रडायला लागली. "ओमा, घट्ट," मला म्हणाली. चेहरा लाल झालेला. मी तिच्या पायांमधलं, पट्टे सैल करायचं बटण दाबलं आणि दोन्ही पट्टे खांद्यावरून पुढे ओढून घेतले, चांगले वीतभर. तेवढ्याने सूटला श्वास घ्यायला जागा झाली. मग पांघरूण हनुवटीपर्यंत खोचलं, म्हणजे पट्टे दिसेनात. डेरिक आला, तिच्या नाकावर टिचकी मारली, आणि गेला. परत तपासण्याचं त्याला कारण नव्हतं. तपासलं असतं तर मी म्हणाले असते, मी बघितलंय रे, जा.

आणि ती घट्ट म्हणून रडतच नव्हती बहुतेक. गाडी त्याने आमच्याकडे येताना तापवून आणली होती, आत भट्टीसारखं गरम होतं. मी हात घातला तेव्हा माझ्या बोटांना ती ऊब लागली होती. एवढ्या उबेत मी तिच्यावर पिसांची गोधडी चढवली होती. तिला उकडत होतं, जनेल. पोरीला नुसतं उकडत होतं.

परवा मंगळवारी मी आमच्या गाडीतली तिची दुसरी सीट काढून स्वयंपाकाच्या टेबलावर ठेवली. तांबडा सूट ॲम्ब्युलन्सवाल्यांनी कापला, पण पुढच्या हिवाळ्यासाठी एक माप मोठा, निळा, मी शिवून ठेवला होता. तुला सांगितलं नव्हतं. दहा किलोचं पिठाचं पोतं घेतलं, वर साखरेची पिशवी बांधली, टिलीचं वजन तेवढंच आहे. त्याला निळा सूट घातला, सीटमध्ये बसवलं, आणि डेरिक करतो तसे पट्टे ओढले, चिमटीत येईनासे होईपर्यंत. बाबा चष्मा लावून उभे होते. "घट्ट आहे," ते म्हणाले. मग पट्ट्यांना हात न लावता, नुसतं बक्कल सोडून, मी पोत्याचा सूट काढला आणि पोतं परत तसंच बसवून बक्कल लावलं.

माझी मूठ आत गेली. सबंध मूठ. पोतं पुढे ढकललं तर ते सीटवरून सरळ टेबलावर आलं.

मग त्या दिवशी केले तेवढे पट्टे अजून ढिले केले, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत आत घातले. पिठाने हात पांढरे झाले. बाबा म्हणाले, "पुरे, युस्टिना." मी थांबले नाही. सूटसकट आणि सूटशिवाय असं पाच वेळा केलं, प्रत्येक वेळी तेच. तू वर्गात जे शिकलीस ते एवढंच होतं ना? पिसं दबतात. गाडी थांबते त्या क्षणी पिसं दबतात आणि तिथे नुसती जागा उरते. मी दुप्पट भरली होती, म्हणजे दुप्पट जागा मी स्वतःच्या हाताने, बारीक टाके घालून तिच्या अंगावर शिवली होती. आणि ती कमी पडली म्हणून बटण दाबलं.

काल सकाळी मी मंडळीच्या पाळकांकडे गेले. सगळं सांगितलं. वाटलं ते प्रार्थना करतील आणि माझ्या डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी हात ठेवला नाही. म्हणाले, "बाई, माझ्याकडे कशाला आलात? त्या मुलाचं जे घेतलंत ते त्याला नेऊन द्या, मग या."

म्हणून दुपारी डेरिकला बोलावलं. टेबलावर सीट तशीच होती, पोतं तसंच. त्याला वाटलं मी त्याला काहीतरी शिकवायला बोलावलंय. म्हणाला, "आई, मला आता कशाला दाखवता हे?" मी म्हटलं, "तू ओढले होतेस." त्याला काही समजेना. मी परत म्हटलं, "तू पट्टे ओढले होतेस. चिमटीत धरून पाहिलंस. मी बघत होते. तू गेल्यावर मी ते सोडले."

तो ओरडला असता तर मी सहन केलं असतं, मी तयारी केली होती. तो भिंतीला टेकून खाली बसला, फरशीवर, बुटांसकट. म्हणाला, "म्हणजे मी वेडा नाही." हेच परत परत म्हणत राहिला. मग उठला, बर्फाच्या पाण्याचं तळं झालं होतं ते स्वतः पुसायला लागला. मी म्हटलं, "राहू दे रे, मी पुसते." तो म्हणाला, "तुम्ही आज माझ्याशी बोलू नका, आई. काहीही बोलू नका." आणि पुसत राहिला.

त्याने मला क्षमा केलेली नाही. तू करावीस असंही मी मागत नाही. आधीच्या पत्रांत मी नुसतं मागत होते, ते मागे घेते. तिसरं पत्र पाठवलं नव्हतं, तेही यात घातलंय, सगळं तुला कळावं म्हणून. पोलिसाला आणि त्या चौकशीवाल्या बाईला मी हेच वेगळ्या कागदावर लिहून सही करून दिलंय, बाबांनी साक्षीला सही केलीय. ते उद्या बोलावतील तेव्हा मी जाईन. माझं नाव यादीत घालू नकोस.

निळा सूट मी उसवला. बाह्या, पाय, चेन, सगळं काढलं, आणि पिसं अर्धी काढून त्याचं एक सपाट पांघरूण केलंय. त्याला भोकं नाहीत, बंद नाहीत, कुठून अंगात घालता येत नाही. ते फक्त वरून घालता येतं, पट्टे लावून, ओढून, चिमटीत धरून झाल्यावर. गाडी आधी तापवायची, टोपी आणि मोजे घालायचे, आणि गरम झालं तर टिलीला स्वतःच्या हाताने बाजूला सारता येईल. डावा हात बरा झाला की. तुला नको असेल तर हॉस्पिटलमध्ये कुणाला तरी दे. टाकू नकोस, त्यातली पिसं माझ्या आईची आहेत.

हे पत्र घेऊन डेरिक आला आहे. तो तुझ्या मजल्याच्या दाराबाहेर उभा असेल, कारण मी त्याला सांगितलंय की तू आत बोलावल्याशिवाय यायचं नाही. तो वाद घालणार नाही, तो उभा राहील.

माझा राग नंतर कर, जन्मभर कर, माझं काही म्हणणं नाही. आधी दार उघड. ती त्याला हाक मारतेय.

युस्टिना